बॅगा किलोत, माणसं पाउंडांत

आमच्या घरात माणसं पाउंडांत मोजली जातात आणि बॅगा किलोत. हे कोणी ठरवून केलेलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत नोव्हायला आलो तेव्हा डोक्यात सगळं किलो आणि मीटरच होतं. मग एकेक गोष्ट इकडच्या मापात गेली. दूध गॅलनमध्ये गेलं, रस्ते मैलांत गेले, आणि डॉक्टर पाउंडांत दम द्यायला लागल्यावर आम्ही दोघं नवराबायकोही पाउंडांत गेलो. बॅग मात्र गेली नाही. दर दोन वर्षांनी हॉलमध्ये बॅगा आ वासून पडतात, हातात धरून लोंबवायचा तो छोटा काटा कपाटातून निघतो, आणि त्यावर बावीस पॉइंट सहा दिसलं की बायको म्हणते, "अजून एक बदामाचं पाकीट जाईल." त्या काट्याला पाउंड दाखवणारं बटण आहे हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं.

आणि मी इंजिनियर आहे. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तपासण्यात उभा जन्म गेला. ऑफिसात नवीन पोरांनी नुसता आकडा लिहून पाठवला की मी तो तसाच परत पाठवतो. एकक नसलेला आकडा म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, हे माझं वाक्य पोरं माझ्यामागे माझ्याच आवाजात म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आपल्याकडे म्हणतात, ते काही उगीच नाही.

आमची लेक इथेच जन्मली. दिवसा ती फिजिओथेरपिस्ट आहे, आणि मागच्या वर्षी तिने विमान चालवायचं लायसन्स काढलं. चार माणसांचं, एका पंख्याचं विमान, फ्लाइंग क्लबचं. मी पहिल्यापासून विरोधात होतो. कारण काहीही सांगत असलो तरी खरं कारण भीती हेच होतं. तिच्याबरोबर मी एकदाही बसलो नव्हतो. ती बोलवायची आणि मला नेमकं त्याच शनिवारी गवत कापायचं असायचं.

या उन्हाळ्यात नाना, म्हणजे माझे वडील, अमरावतीहून आले होते. वय शहाऐंशी. ते वजनमापे निरीक्षक होते. शेर आणि मण जाऊन किलो आले त्या काळात ते नोकरीला लागले, आणि पितळी वजनांची लाकडी पेटी सायकलला बांधून गावोगाव दुकानदारांचे काटे तपासत फिरले. पस्तीस वर्षं लोकांच्या काट्यांवर शिक्के मारलेला माणूस. आमच्या लहानपणी घरात साखर आणली तरी ती पुन्हा तोलली जायची.

यावेळी त्यांच्या मनात एकच होतं. माझी धाकटी बहीण वर उत्तरेला, सरोवराकाठच्या एका गावात राहते. जूनमध्ये तिचा पाय मोडला आणि प्लास्टरमुळे तिला आमच्याकडे येता येईना. गाडीने तिचं घर साडेचार तास. नानांची पाठ त्यांना गाडीत दोन तासांच्या वर बसू देत नाही. एकदा प्रयत्न केला, अर्ध्या वाटेवर त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि आम्ही मागे फिरलो. त्यांच्या परतीच्या तिकिटाला दहा दिवस उरले होते. पुन्हा अमेरिकेची वारी व्हायची नाही हे ते स्वतःच म्हणत होते. लेकीला न भेटता परत जायचं, हे त्यांना गिळवत नव्हतं. मग एका दुपारी नात म्हणाली, "आजोबा, मी घेऊन जाते ना. पावणेदोन तासात पोचू."

मी ताबडतोब म्हणालो, "मीपण येतो." देखरेखीसाठी, हे मनातल्या मनात.

त्या आठवड्यात आजोबा-नातीची जेवणाच्या टेबलावर शाळा भरायची. ती फोनवर विमानतळाचं हवामान ऐकवायची आणि नाना कानावर हात धरून ऐकायचे. नुसते आकडे, एका सुरात. ती समजावून सांगायची. वारा नॉटमध्ये, उंची फुटांत, किती दूरचं दिसतंय ते मैलांत, हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत, आणि तापमान सेल्सियसमध्ये.

"सेल्सियस? अमेरिकेत?" मी विचारलं.

"एव्हिएशनमध्ये सेल्सियसच, बाबा."

ही पोरगी लहान असताना नाना फोनवर "आज सेहेचाळीस आहे गं" म्हणायचे, तेव्हा इथल्या फॅरनहाइटच्या हिशेबाने हिला वाटायचं अमरावतीला थंडी पडलीय आणि ती त्यांना स्वेटर घाला म्हणायची. सेल्सियस शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ आले होते. आता ती अठ्ठावीस म्हणाली की तिला हवा किती पातळ झाली, विमान धावपट्टीवर किती जास्त धावेल, हे लगेच कळत होतं. मी शिकवून जे झालं नाही ते आभाळाने करून घेतलं होतं.

नानांना मात्र वेगळाच अचंबा वाटत होता. "एका दमात पाच मापं," ते म्हणाले, "आणि सगळ्या जगात अशीच?"

"नाही ना. नागपूरला पायलटला प्रेशर हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, इथे इंचात. काही देशांत हाइट मीटरमध्ये सांगायचे. फ्युएल कुठे लिटर, कुठे गॅलन, आणि विमानाला तर त्याचं वजनच लागतं, ते किलो नाहीतर पाउंड." मग तिने एक उदाहरण दिलं. दुसऱ्या देशात उतरताना खालून कोणी हेक्टोपास्कलचे नऊशे ब्याण्णव नुसतेच "नऊ नऊ दोन" असे सांगितले, आणि इंचांची सवय असलेल्या पायलटने दमलेल्या डोक्याने, शेवटचे आकडे तेच म्हणून, उंचीच्या काट्यावर एकोणतीस पॉइंट नऊ दोन लावलं, तर तो काटा दाखवतो त्यापेक्षा विमान सुमारे सहाशे फूट खाली असतं. ढगात असलं तर कळतही नाही.

"नागपूरला उंची कशात सांगतात?" नानांनी विचारलं.

"फुटांत."

नाना हसायला लागले. "आम्ही उन्हातान्हात गावोगाव हिंडून फूट बंद पाडले, आणि डोक्यावरून विमानं फुटांत उडत होती." हसू ओसरल्यावर ते तिला म्हणाले, "शेर आणि किलो दोन्ही बाजारात होते ना, ती चार वर्षं सगळ्यात वाईट. लबाडी करणारे थोडे. पण सरळ माणसंसुद्धा चुकायची. दोन मापं एका बाजारात नांदली की घोळ आपोआप होतो."

ती हे ऐकून गंभीर झाली, आणि मला आठवतं, मीही मान डोलावली.

शुक्रवारी तिने आमच्या सगळ्यांच्या फोनवर एक तक्ता पाठवला. कोण, आणि वजन किती. लहान विमानात प्रत्येक माणसाचं आणि प्रत्येक बॅगेचं वजन आधी मांडावं लागतं, आणि कोण कुठे बसणार हेही. एकूण वजन मर्यादेच्या वर गेलं तर विमान नीट चढत नाही, आणि मागच्या बाजूला भार जास्त झाला तर शेपूट खाली ओढली जाते आणि नाक वर. तसं विमान सावरणं कठीण. हे तिने मला दोनदा सांगितलं होतं. मी तक्ता भरला. माझं वजन एकशे अठ्ठ्याहत्तर. नानांनी सहासष्ट किलो सांगितलं, मी ते नीट गुणून एकशे सेहेचाळीस लिहिलं, आणि स्वतःवर खूष झालो. मग नानांनी माझ्या बहिणीसाठी आणलेल्या दोन बॅगा. कुरडया, शेवया, तिखट, लोणच्याच्या बरण्या, एक बिडाचा तवा. लोंबता काटा लावला. तेवीस. एकवीस. तसंच लिहिलं. बॅगा होत्या ना त्या.

शनिवारी सकाळी आठला आम्ही विमानतळावर पोचलो. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, पत्र्याच्या काही शेड, आणि कॉफीचं मशीन असलेलं एक छोटं ऑफिस. विमान जवळून बघितलं. त्याचं दार आमच्या फ्रिजच्या दारापेक्षा हलकं वाटत होतं. लेक त्याभोवती फिरत होती. पंखाखालून इंधनाचा थेंब काढून काचेच्या नळीत उजेडाकडे धरून बघत होती, पंख्याच्या पात्यावरून तळवा फिरवत होती, आणि प्रत्येक गोष्टीपुढे हातातल्या यादीवर खूण करत होती. घरी टॉवेल जमिनीवर टाकणारी हीच ती, यावर विश्वास बसेना. नाना तिच्यामागे दोन पावलं ठेवून सगळं बघत होते.

मी दोन्ही बॅगा चाकांवरून ओढत विमानापाशी आणल्या. तिने पहिली उचलली. जमिनीपासून हातभर वर गेली असेल नसेल, तशीच थांबली आणि हळूच खाली ठेवली.

"बाबा, शीटवर ही किती आहे?"

"तेवीस."

"तेवीस व्हॉट?"

ती दिवसभर पेशंटांना डंबेल्स उचलायला लावते. तेवीस पाउंड म्हणजे किती, हे तिच्या मनगटाला पाठ आहे. माझ्या तोंडून उत्तर निघायच्या आधीच मला समजलं होतं. कान तापले. नानांनीही माझ्याकडे बघितलं. लहानपणी साखर कमी भरली की दुकानदाराकडे ते असंच बघायचे.

"किलो," मी म्हणालो.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने दप्तरातून पेन काढलं आणि विमानाच्या पंखाखाली उभी राहून कागदावर हिशेब केला. तिने धरले होते चव्वेचाळीस पाउंड. खरे होते सत्त्याण्णव. चौतीस पाउंडांची सवड ठेवून तिने सगळं बसवलं होतं. म्हणजे आम्ही एकोणीस पाउंडांनी वर होतो, आणि ते सगळं ओझं अगदी मागे, शेपटीकडे.

"अगं, एक बॅग ठेवू या खाली. झालं," मी म्हणालो. प्रकरण लवकर मिटावं एवढंच मला हवं होतं.

"नो, बाबा. एक नंबर चुकलाय म्हणजे मला आता कुठलाच नंबर माहीत नाही. सगळ्यांना परत वजन करायचंय."

ऑफिसात सामान तोलायचा सपाट काटा होता. तिने आजोबांना हात धरून त्यावर उभं केलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासलेले नाना स्वतः काट्यावर चढले, चपला काढू का म्हणून विचारलं, आणि ती "नाही, चपलांसकट" म्हणाल्यावर ताठ उभे राहिले. एकशे सेहेचाळीस. पाउंडाचाही फरक नाही. मग मी. एकशे सत्त्याऐंशी. मी लिहिलेला आकडा एप्रिलमधल्या डॉक्टरच्या तपासणीचा होता, आणि तोही अनवाणी, उपाशीपोटी. नऊ पाउंड मी नुसते लाजेखातर गिळले होते.

"अठ्ठावीस ओव्हर," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना राग ना टोमणा. तिने बाहेर बघितलं, फोनवर तापमान बघितलं. "एक बॅग काढली तर बसतं. पण जेमतेम, आणि हीट वाढतेय. दहा मिनिटं द्या मला. आय माइट कॅन्सल, आजोबा. सॉरी."

आमच्या घराण्यात नानांना कोणी नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. ज्या भेटीसाठी तो म्हातारा माणूस दीड महिना झुरत होता, ती दहा मिनिटांत रद्द होऊ शकते, हे त्याला तोंडावर सांगायची ताकद माझ्यात नव्हती. मी काहीतरी गोड बोललो असतो, थोडं ढकललं असतं, एवढ्याने काय होतंय म्हटलं असतं. तिने सांगितलं आणि ती पुन्हा कागदाकडे वळली. मला तिचा अभिमान वाटला आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. माझं मूल माझ्या पलीकडच्या कुठल्यातरी जागी उभं होतं आणि तिथले नियम मला लागू होते.

नाना ऑफिसच्या खुर्चीत बसले. हात मांडीवर. एकदाही त्यांनी तिला जाऊ या असं म्हटलं नाही.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मी कशासाठी जात होतो याचा मी पहिल्यांदाच सरळ विचार केला. वर काही झालं तर मी तिथे असावं, म्हणून. आणि तिथे असून मी काय करणार होतो? मला त्या विमानातलं एक बटण कळत नव्हतं. माझ्या दोन माणसांना आज मी देऊ शकत होतो ती एकच गोष्ट, ती म्हणजे मोकळी जागा. आत गेलो आणि म्हणालो, "मी राहतो. नाना आणि बॅगा घेऊन जा."

नाही नाही, असं कसं, वगैरे ती काही म्हणाली नाही. "थँक यू, बाबा," म्हणाली, आणि सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून केला. मग बॅगा मागच्या सीटवर पुढे ओढून पट्ट्यांनी बांधल्या आणि पुन्हा एकदा केला.

नानांना शेजारच्या सीटवर बसवून तिने पट्टा लावला, दार कसं उघडायचं ते दाखवलं, आणि आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं, "आजोबा, उतरताना मी बोलणार नाही. तुम्ही पण बोलायचं नाही. पण दुसरं विमान दिसलं तर बोट दाखवायचं." नानांनी पहिलीतल्या मुलासारखी मान हलवली.

मी कुंपणापाशी गेलो. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, बराच वेळ तिथे थांबलं, मग धावायला लागलं. चाकं सुटली. ते वर गेलं, झाडांच्या वर, पाण्याच्या टाकीच्या वर, आणि लहान होत गेलं. त्या पत्र्याच्या डब्यात माझा बाप आणि माझी लेक बसली होती, आणि त्यांना वर धरून ठेवणारं काय होतं, तर हवा आणि नीट मांडलेले काही आकडे. इतकी वर्षं मी आकड्यांत काम केलं, पण आकडे माणसांना उचलून धरतात हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. जगभर या क्षणी अशी हजारो विमानं असतील, कुणी फुटांत, कुणी इंचांत, कुणी किलोत, आणि प्रत्येकामागे कोणीतरी एक बॅग हातभर उचलून थांबलेलं असेल, म्हणून ती वर आहेत. मी तिथेच गवतात बसलो.

पावणेदोन तासांनी तिचा मेसेज आला, पोचलो. तासाभराने बहिणीच्या घरून व्हिडिओ कॉल. बहीण पलंगावर प्लास्टरचा पाय पसरून, नाना तिच्या उशाशी, बरण्या चादरीवर. बहिणीचे डोळे सुजलेले होते. तिने पहिलं विचारलं, "दादा, तू का नाही आलास?"

"वेट इश्यू, आत्या," लेकीने मागून सांगितलं. बस, एवढंच.

मला गप्प बसता आलं असतं. पण नाना बघत होते. मी बहिणीला सगळं सांगितलं, बॅगा किलोत लिहिल्या, स्वतःचं वजन चोरलं, आणि हिने बॅग उचलून बघितली नसती तर आम्ही तिघं त्याच भाराने निघालो असतो. बहिणीचा हात आपोआप नानांच्या गुडघ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

लेक फोनजवळ आली. "नाही, आत्या. शीट माझं होतं. कॉलमवर पाउंड लिहिलं नव्हतं मी. पायलट मी आहे, सो इट्स माय मिस्टेक. क्लबमध्ये पण मी हे लिहून देणार आहे, बाकीच्यांना कळावं म्हणून." मग माझ्याकडे बघून, "बाबा, तुमची बॅग मी त्यात लिहिली तर चालेल?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

"माझ्या नोकरीत," नाना सावकाश म्हणाले, "माझाच काटा चुकला होता असं आपणहून सांगणारे दुकानदार मला दोनच भेटले. पस्तीस वर्षांत दोन." त्यांना नातीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण ती उभी होती आणि ते बसलेले, म्हणून हात तिच्या कोपरापर्यंतच पोचला.

मी म्हणालो, "नाना, उद्या मी गाडी घेऊन येतो. मागची सीट आडवी करू, उशा टाकू, दर अर्ध्या तासाला थांबू. पाठीला त्रास होणार नाही."

"कशाला?" नाना म्हणाले. "हिच्याबरोबर आलो, हिच्याबरोबरच येईन. आणि ही नको म्हणाली तर राहीन इथेच."

रविवारी दुपारी मी तासभर आधीच कुंपणापाशी जाऊन थांबलो. विमान दिसायच्या आधी त्याचा आवाज आला. वयाने लहान असलेल्याला नमस्कार करू नये म्हणतात. मी केला.